विश्लेषण : आमटी शिकायची, तर आधी मंडईत का जायचे?

सहलीला जायचे आणि तिथला स्वयंपाक शिकून यायचे, ही पद्धत थायलंडमधील चियांग माईसारख्या शहरांत चांगलीच रुळली आहे. आधी बाजार, मग स्वयंपाकघर हा तिथल्या अनेक वर्गांचा क्रम. पुण्यात आलेला पाहुणा मात्र मिसळ खाऊन आणि बाकरवडी घेऊन परततो. घरची आमटी हॉटेलात सहसा मिळत नाही. ती शिकायची तर कोथरूडसारख्या भागातील घरगुती पाककृती वर्ग आणि शहरातली मंडई यांची सांगड घालावी लागते.

कोथरूडच का?

स्वयंपाक हा रीतसर शिकण्याचा विषय आहे, हा विचार या परिसराला नवा नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. आज ते एसएनडीटी नावाने ओळखले जाते आणि त्याचे पुण्यातील संकुल कर्वे रस्त्यावरच आहे. घरगुती वर्गांत शिकवण्याची जागा म्हणजे घरचाच ओटा. त्यामुळे शिकणारे मोजकेच असतात आणि प्रत्येकाला झारा हातात घेता येतो.

मंडईत कसे जायचे, काय पाहायचे?

वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी किंवा नळस्टॉपहून मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानक गाठायचे. तिथे स्वारगेटकडे जाणारी गाडी पकडली की मंडई स्थानक येते. हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. समोरची दगडी इमारत १८८६ ची, मूळ नाव ‘रे मार्केट’. नगरपालिकेचे सदस्य असताना या बांधकामावरील खर्चाला विरोध करणाऱ्या महात्मा जोतिराव फुले यांचेच नाव पुढे तिला मिळाले. भाजी मंडईत घ्यावी, भांडी शेजारच्या तुळशीबागेत पाहावीत आणि मसाल्याचे जिन्नस परिसरातील दुकानांत निवडावेत. दगडफूल हे फूल नव्हे, तर बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून वाढणारी वनस्पतीसारखी रचना असते, हे अनेकांना तिथेच कळते. आंबेमोहोर तांदूळही नाव वाचून नव्हे, वास घेऊन घ्यावा.

गोड्या मसाल्यात अवघड काय?

धणे, जिरे, तीळ, सुके खोबरे, दगडफूल, लवंग, दालचिनी, तमालपत्र, नागकेशर हे त्यातले नेहमीचे जिन्नस. ते एकत्र भाजले, तर धणे खमंग होईपर्यंत तीळ करपतात. म्हणून प्रत्येक जिन्नस वेगळा आणि मंद आचेवर भाजायचा. नावाचाही घोळ आहे. काही घरांत यालाच काळा मसाला म्हणतात, तर इतरत्र काळा मसाला म्हणजे झणझणीत प्रकार. दुकानात नुसते नाव सांगून मागितला, तर आमटीची चव बदलू शकते.

पुस्तक पुरेसे नाही का?

कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून वाटी-चमच्याच्या मापाने अनेक घरांना स्वयंपाक शिकवला. परंतु खोबरे नेमके कोणत्या रंगावर उतरवायचे, चिंच-गुळाचा मेळ कधी जमला, हे डोळ्यांनी आणि जिभेनेच ठरते. ‘अंदाजाने घाल’ या दोन शब्दांत घराघरांतील ज्ञान साठलेले आहे. तयार पुड्यांमुळे ते शिकण्याची वेळच येत नाही आणि जाणत्या हातांबरोबर ते संपते. वर्गात हाच अंदाज दुसऱ्याच्या हाती सोपवला जातो, मग तो पाहुणा असो वा परदेशी निघालेला पुण्याचाच विद्यार्थी.

नाव नोंदवताना काय विचारावे?

बाजारफेरी वर्गात धरली आहे का? स्वतः करायचे की फक्त पाहायचे? साहित्याचा खर्च शुल्कात आहे का? तीळ किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असल्यास आधीच सांगावे. मंडईत सकाळी जावे. आणि निघताना मसाल्याची पुडी मिळाली नाही तरी चालेल, प्रमाण मात्र लिहून घ्यावे.