कोऱ्या प्रोजेक्टआधी एक टॅब

सकाळी साडेनऊ. हिंजवडीच्या ऑफिसात स्टँडअप उरकली. कागदपत्रं अपलोड करून घेणारी एक छोटी नोड सर्व्हिस आजपासून उभी करायची आहे. कॉलेजातून नुकतीच आलेली सहकारी कोरा प्रोजेक्ट उघडायच्या बेतात होती. म्हटलं, थांब, आधी टेम्प्लेट बघू.

दहा वाजता. गिटलॅबवर 'न्यू प्रोजेक्ट' आणि मग 'क्रिएट फ्रॉम टेम्प्लेट'. समोर येते ती 'बिल्ट-इन' टॅब: रेल्स, स्प्रिंग, नोड एक्सप्रेस, अँड्रॉइड, ह्यूगो, जेकिल. बहुतेक जण इथूनच एखादं उचलतात. मी तिला 'ग्रुप' टॅब उघडायला लावली. तिथे आमचीच टेम्प्लेट्स होती. "सर, हे मला कुणी सांगितलंच नाही!" तिची तक्रार रास्त आहे. ही सोय सशुल्क योजनेतच मिळते आणि ग्रुपच्या ओनरने सेटिंग्जमध्ये एक सबग्रुप त्यासाठी नेमून दिला असेल तरच टॅबमध्ये काही दिसतं. त्या सबग्रुपच्या पोटात आणखी सबग्रुप करून ठेवलेले प्रोजेक्ट मात्र यादीत येत नाहीत.

अकरा ते एक. माझ्या मते दिवसाचं खरं काम हेच. 'यूज टेम्प्लेट' दाबण्याआधी 'प्रिव्ह्यू' उघडून आम्ही सीआयची यामल फाइल ओळ न् ओळ वाचली. टेस्ट, लिंट, बिल्ड, सगळं जागच्या जागी; पण इमेज नोड १६ची. नोड १६चा सपोर्ट सप्टेंबर २०२३मध्येच संपला. म्हणजे या टेम्प्लेटवरून निघणारी प्रत्येक सर्व्हिस पहिल्याच दिवशी सुरक्षा अपडेट्सविना उभी राहणार. ती म्हणाली, "नव्या प्रोजेक्टमध्ये बदलते." मी म्हटलं, नाही, आधी टेम्प्लेटमध्ये. एकदा प्रत निघाली की तिचा मूळ टेम्प्लेटशी संबंध तुटतो. नंतर केलेली दुरुस्ती तिच्यापर्यंत आपोआप पोचत नाही. म्हणून मर्ज रिक्वेस्ट टेम्प्लेटवर टाकली, मेंटेनरकडून मंजूर करून घेतली आणि मगच प्रोजेक्ट काढला.

जेवण.

अडीच वाजता फ्रंटएंडवाल्यांना गिटहबवरचं एक सार्वजनिक टेम्प्लेट हवं होतं. तिथे ही सोय जून २०१९मध्ये आली. मालकाने सेटिंग्जमध्ये 'टेम्प्लेट रिपॉझिटरी'वर टिक केली की हिरवं 'यूज धिस टेम्प्लेट' बटण दिसतं. एखाद्या संस्थेची टेम्प्लेट्स हवी असतील तर तिच्या रिपॉझिटरींच्या यादीत प्रकार 'टेम्प्लेट्स' निवडायचा. फोर्क केलं तर सगळा जुना इतिहास सोबत येतो. टेम्प्लेटवरून काढलेली प्रत एका कमिटपासून सुरू होते. निवडताना आम्ही शेवटच्या कमिटची तारीख आणि लायसन्सची फाइल बघितली. लायसन्स नसेल तर कोड सगळ्यांना दिसत असला तरी वापरायची परवानगी मिळालेली नसते. पहिलं टेम्प्लेट त्यामुळेच सोडलं.

साडेपाच वाजता आमच्या टेम्प्लेटच्या रीडमीत तिने तीन ओळी घातल्या: सांभाळणारं कोण, नोडची आवृत्ती कोणती, शेवटचं कधी तपासलं. सहाला नव्या प्रोजेक्टची पाइपलाइन हिरवी झाली.

तुमच्या टीममध्ये नवीन कुणी रुजू झालं, तर पहिल्याच दिवशी त्यांना ती 'ग्रुप' टॅब दाखवा. ती रिकामी असेल, तर ओनरच्या मागे लागा.