गाजराच्या पेशीतील शर्करेची कलाकुसर

प्रथिनातील अमिनो आम्लांचा क्रम जनुकात लिहिलेला असतो; पण त्या साखळीवर शर्करांच्या ज्या शाखा चढतात, त्यांचा आराखडा असा कोठेच नोंदलेला नसतो, तर कोणते विकर, म्हणजे एन्झाइम, कोणत्या क्रमाने त्या प्रथिनावर काम करते यावर तो ठरतो. शर्करा जोडण्याच्या या क्रियेला ग्लायकोसिलीकरण म्हणतात.

तिचा आरंभ आंतर्द्रव्यजालिकेत होतो. तेथे डोलिकॉल नावाच्या मेदरेणूवर 14 शर्करा-घटकांची शाखा आधीच रचून ठेवलेली असते आणि ऑलिगोसॅकरिलट्रान्सफरेज हे विकर ती अख्खी उचलून प्रथिनातील ठरावीक ॲस्पॅराजिनवर बसवते. येथपर्यंत गाजर आणि माणूस यांच्या पेशींत फारसे अंतर नाही. वाटा फुटतात त्या पुढे गॉल्गी संकुलात, जेथे शाखेची छाटणी होऊन नव्या शर्करा जोडल्या जातात. वनस्पतींचे एक विकर तिच्या बुडाजवळच्या मॅनोजला झायलोज जोडते, जे माणसाच्या अशा शाखांवर आढळतच नाही. दुसरे विकर मुळाशी फ्यूकोज बसवते, तेही माणसात 6 क्रमांकाच्या कार्बनला जोडलेले असते, तर वनस्पतीत 3 क्रमांकाच्या. फरक एवढासाच, पण मानवी प्रतिकारयंत्रणा तो ओळखते आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते.

वनस्पतीला स्वतःला ही कलाकुसर कितपत लागते, याचे उत्तर एकसारखे नाही. गॉल्गीतील तिचा आरंभीचा टप्पा बंद पडलेले ॲराबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातील रोप नेहमीच्या परिस्थितीत बिनतक्रार वाढते, तर त्याच दोषाचे भाताचे रोप लवकरच मरते.

गोशे या आनुवंशिक विकारात मात्र वनस्पतिपेशीची सवयच उपयोगी पडली. या रुग्णांच्या भक्षक पेशींत एका विकराच्या अभावी मेद साचतो, आणि बाहेरून दिलेले विकर त्या पेशी आत घेतात ते त्याच्या टोकाशी उघडे मॅनोज असेल तरच. हॅमस्टरच्या पेशींत बनवलेल्या विकराची वरची शर्करा त्यासाठी नंतर मुद्दाम काढावी लागते. गाजराच्या पेशीत तेच विकर रिक्तिकेकडे धाडले की ही छाटणी तेथेच, आपसूक होते. असे बनलेले टॅलिग्लुसरेज अल्फा हे औषध अमेरिकेत 2012 मध्ये मंजूर झाले. त्यावर वनस्पतींचे झायलोज आणि फ्यूकोज अजूनही असतात. इबोलावरील झीमॅप या प्रतिपिंड-मिश्रणासाठी मात्र तंबाखूच्या कुळातील ज्या झाडांचा वापर झाला, त्यांतील या शर्करा जोडणारी दोन्ही विकरे आधीच दाबून टाकलेली होती.