नावाला पाठिंबा द्यायचा कुणी?

संरक्षण दलप्रमुख (सीडीएस) जनरल अनिल चौहान यांना सप्टेंबर २०२५मध्ये मुदतवाढ मिळाली ती ३० मे २०२६पर्यंतची. तेव्हापासून पुढच्या नावाचे अंदाज बांधणं सुरू आहे. वाहिन्यांवर रोज एक नाव चढतं, एक उतरतं. सिल्वासातल्या मराठी घरांतही ही चर्चा होते, आणि ती हमखास एका जुन्या सलावर येऊन थांबते: २०२२ साली आपले नरवणे कसे राहिले?

८ डिसेंबर २०२१ला हेलिकॉप्टर अपघातात पहिले सीडीएस जनरल बिपिन रावत गेले. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीत शिकलेले जनरल मनोज नरवणे तेव्हा लष्करप्रमुख होते. आठवडाभरातच तिन्ही दलप्रमुखांच्या समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. गलवानचा संघर्ष त्यांच्याच कारकिर्दीतला, फेब्रुवारी २०२१चा नियंत्रणरेषेवरचा युद्धविराम समझोताही त्यांच्याच कारकिर्दीतला. पुढचे सीडीएस तेच, असं सगळे धरून चालले होते. २२ एप्रिल २०२२ला त्यांना बासष्ट वर्षं पूर्ण झाली आणि ३० एप्रिलला ते निवृत्त झाले. जूनमध्ये राजपत्रात नवे नियम आले. सीडीएसपदासाठी निवृत्त लेफ्टनंट जनरललाही दार उघडं झालं, पण निवृत्त अधिकाऱ्यासाठी अट एकच: वय बासष्टच्या आत. म्हणजे नरवणे बाहेर! सप्टेंबरअखेर चौहान यांची नेमणूक झाली. तोवर हे पद नऊ महिन्यांहून अधिक काळ रिकामं होतं.

चौहान यांच्याबद्दल तक्रार करावी असं काही नाही. पूर्व विभागाचे माजी प्रमुख, अनुभवी माणूस. माझा आक्षेप वेगळाच आहे. अमुक का आणि तमुक का नाही, हे कुणी कुणाला सांगितलं? नेमणूक करते मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती, आणि तिचे सदस्य दोनच, पंतप्रधान आणि गृहमंत्री. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराचीही तीच कथा. १९९८ साली हे पद निर्माण झालं आणि ब्रजेश मिश्र पहिले सल्लागार झाले. त्या वेळीही संसदेला विचारलं नव्हतं, २०१४पासून अजित डोभाल तिथे आहेत, तेव्हाही नाही. अमेरिकेत १९८९ साली संरक्षणमंत्रिपदासाठी पुढे आलेले जॉन टॉवर सिनेटमध्ये ५३ विरुद्ध ४७ मतांनी पडले. २०२५मध्ये पीट हेगसेथ ५०-५० अशा बरोबरीनंतर उपाध्यक्षांच्या एका मतावर तरले. तो प्रकार पाहून ती पद्धत इथे आणावी असं वाटत नाही. तिथेही पक्ष पाहूनच हात वर होतात. पण निदान उमेदवाराला चारचौघांत उत्तरं द्यावी लागतात.

आपल्याकडेही एकदा सुरक्षेच्या पदावरच्या माणसाला उघड पाठिंबा मिळाला होता, आणि ही गोष्ट सिल्वासाच्या शेजारच्याच नाशिक जिल्ह्यातली आहे.

१९६२च्या ऑक्टोबरात चीनने हल्ला केला आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं. नेहरूंनी मुंबईहून मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना बोलावून घेतलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हापासून प्रत्येक भाषणात येतं; मला ते अंमळ जास्तच गोड वाटतं. सह्याद्री धावला खरा, पण २१ नोव्हेंबरला त्याने पदभार घेतला त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली होती. लष्कराचा अनुभव म्हणावा तर साताऱ्याची सैनिक शाळा, १९६१ साली सुरू झालेली देशातली पहिली. बाकी माणूस राजकारणातलाच.

लोकसभेत जाण्यासाठी १९६३ साली त्यांनी नाशिकची पोटनिवडणूक लढवली. लढवली म्हणणंही चूकच, कारण ते बिनविरोध निवडून आले. हेच चव्हाण १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत कराडमधून जेमतेम वाचले होते. समितीवाल्यांनी त्यांना काय काय म्हटलं नव्हतं! त्यांच्यापैकी एकानेही नाशिकला उमेदवार उभा केला नाही. मतभेद मिटले नव्हते. पण या घडीला हा माणूस तिथे हवा, एवढं विरोधकांनी कृतीतून सांगितलं. माझ्या मते पाठिंबा म्हणतात तो हाच. आपल्या माणसाच्या नावाने फटाके वाजवायला काय लागतं?

त्या पाठिंब्याचं चीज झालं का? १ सप्टेंबर १९६५, छांब. पाकिस्तानी रणगाडे अखनूरच्या रोखाने निघालेले. दुपारी लष्करप्रमुख चौधरी आणि हवाईदलप्रमुख अर्जनसिंग चव्हाणांच्या दालनात आले आणि त्यांनी विमानं वापरण्याची परवानगी मागितली. हवाईदल उतरवणं म्हणजे युद्ध वाढवणं. चव्हाणांनी पंतप्रधानांची वाट न पाहता काही मिनिटांत होकार दिला. संध्याकाळ व्हायच्या आत पठाणकोटहून विमानं उडाली. पहिल्याच फेरीत चार व्हँपायर पडली. म्हणजे निर्णय फुकट नव्हता. पण निर्णय घेणाऱ्याला मागे वळून बघावं लागलं नाही. नाशिकचं ऋण त्यात किती, हे मोजता येणार नाही. काहीतरी होतं, असं मी धरून चालतो.

सिल्वासाला हा विषय परका वाटू नये. २ ऑगस्ट १९५४ला हे गाव पोर्तुगिजांकडून मुक्त झालं ते स्वयंसेवकांच्या बळावर. त्यांत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, आणि विश्वनाथ नरवणे नावाचे एक गृहस्थही होते. आडनावापलीकडे संबंध जोडण्याचा मोह मी आवरतो. मुक्त प्रदेशाचे पहिले प्रशासक झाले अप्पासाहेब करमळकर, चळवळीतलेच. सात वर्षं वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला. जून १९६१मध्ये तिने विलीनीकरणाचा ठराव केला आणि करारावर सही करता यावी म्हणून के. जी. बडलानी या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं पंतप्रधान करण्यात आलं. त्यानंतर इथला प्रशासक दिल्लीच ठरवते. विधानसभा नाही, खासदार एक. वरून आलेलं नाव सकाळच्या पेपरात वाचायचं, हे आमच्या अंगवळणी पडलेलं आहे. देशाच्या सीडीएसच्या बाबतीत ते पडू नये.

म्हणून आमच्या खासदारांकडे आणि शेजारच्या नाशिक-पालघरच्या खासदारांकडे मागणी साधी आहे. गुपितं मागायची नाहीत. नाव ठरल्यावर संरक्षणविषयक स्थायी समितीने त्या अधिकाऱ्याला बंद दाराआड एकदा बोलवावं. तिन्ही दलांच्या संयुक्त विभागांचं घोडं कुठे अडलंय, ते तो कसं सोडवणार, हे विचारावं. आणि वयाची अट पुन्हा बदलायची असेल तर ती नाव पुढे येण्याआधी बदलावी. उत्तरं पटली तर विरोधी बाकांनीही नाशिककरांसारखं उघडपणे त्याच्या पाठीशी उभं राहावं, मग तो पुण्याचा असो की गढवालचा.