बारीक मनगटाला शोभणारं घड्याळ

घड्याळाच्या दुकानात आकार विचारला की एकच आकडा ऐकवला जातो: छत्तीसचं, चाळीसचं, बेचाळीसचं. हा केसचा व्यास, मिलिमीटरमध्ये. सात इंची मनगटाचं त्यावर भागतं. सहा इंच किंवा त्याहून बारीक मनगट असेल, तर दुसरा आकडा विचारावा लागतो आणि तो विक्रेत्याला सहसा पाठ नसतो.

पट्टा अडकवण्यासाठी केसला वर दोन आणि खाली दोन असे चार पाय असतात, त्यांना लग म्हणतात. वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे घड्याळाची खरी लांबी, आणि मनगटावर आडवी पसरते ती हीच. सैकोचं पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठीचं एसकेएक्स००७ व्यासाला ४२.५ मिमी, पण लांबीला साधारण ४६. हॅमिल्टनचं खाकी फील्ड मेकॅनिकल व्यासाला ३८, लांबीला मात्र ४७च्या पुढे. कागदावर लहान दिसणारं घड्याळ हातावर लांब निघतं ते असं. लगचा बाकही बघायचा. टोकं खाली वळलेली असतील तर घड्याळ मनगटाला बिलगतं, सरळ असतील तर दोन्ही बाजूंनी पट्ट्याखाली फट राहते. ही फट दिसली की घड्याळ थोरल्या भावाचं घातल्यासारखं वाटतं, मग ते कितीही महागाचं असो.

आपलं माप घरीच निघतं. टेलरची टेप गुंडाळून घेर मिळतो, पण त्याचा उपयोग पट्ट्यापुरता. केससाठी हवी मनगटाच्या वरच्या सपाट भागाची रुंदी. तळहात टेबलावर पालथा ठेवा, घड्याळ जिथे बांधता तिथे वरून पट्टी आडवी धरा आणि कडा खाली वळायला लागतात तिथपर्यंतचंच अंतर मोजा. सहा इंची मनगटाला हे बहुधा ४५ ते ५० मिमीच्या आसपास भरतं. घड्याळाची लांबी याच्या आत दोन-तीन मिमी राहिली तर उत्तम, बरोबरीची असेल तर चालून जातं, त्यापुढे नको. ऑनलाइन घेणार असाल तर त्या लांबीचा पुठ्ठा कापून मनगटावर ठेवा आणि आरशात बघा. मोबाइलवर जवळून काढलेल्या फोटोवर जाऊ नका. कॅमेऱ्याला जे जवळ ते मोठं दिसतं, त्यामुळे बेताचं घड्याळही फोटोत थाळीएवढं होतं.

डायलचीही गंमत असते. पांढरी डायल आणि बारीक कड असली की घड्याळ मोठं भासतं. काळी डायल आणि भोवती फिरणारी जाड कड असली की तेच माप लहान वाटतं. चौकोनी घड्याळाला तर व्यासाचा हिशेब लागूच नाही. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू घ्या. लांबी ३८.२ मिमी, रुंदी ३५.२, जाडी ८.५, आणि ते जवळपास कुठल्याही हातावर नीट बसतं.

जाडी हा बारीक मनगटाचा दुसरा शत्रू. आपोआप चावी बसणाऱ्या मशीनमध्ये वर एक फिरतं वजन असतं, त्याला जागा लागते, म्हणून अशी बरीच घड्याळं ११-१२ मिमीपर्यंत फुगतात आणि शर्टाच्या कफात अडकतात. हाताने चावी द्यायचं किंवा सेलवर चालणारं मशीन पातळ होऊ शकतं. टायटनने २००२मध्ये काढलेलं एज अवघं ३.५ मिमी जाडीचं होतं.

आता ‘फर्स्ट कॉपी’चा विषय. कुणाला रोलेक्स हवं असतं, खिसा परवानगी देत नाही, आणि हुबेहूब नक्कल कुठे मिळते याची चौकशी सुरू होते. दुसऱ्याचं नाव डायलवर छापून विकणं १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याने गुन्हा आहे, हे झालंच. बारीक मनगटासाठी तो सौदा आणखी एका कारणाने फसवा आहे. नक्कल करणारा समोरचा चेहरा उतरवतो. आत मशीन बसवतो ते हाताशी असेल ते, आणि मशीन जाड असलं की केस फुगवावी लागते. फोटोत जुळलेलं घड्याळ बाजूने बघितलं की डब्यासारखं दिसतं. डायलवरच्या छोट्या तबकड्या तर कधी कधी नुसत्या शोभेच्या असतात. दुरुस्तीला कोण हात लावणार, हा प्रश्न वेगळाच. एखादा घाट आवडला असेल तर स्वतःचं नाव लावून तसा घाट करणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांचं घ्यावं. त्यात लपवण्यासारखं काही नसतं.

मुळात लहान माप ही कुणी केलेली तडजोड नव्हे. रोलेक्सचं डेटजस्ट १९४५मध्ये आलं ते ३६ मिमीचं. त्याच कंपनीचं एक्सप्लोरर अनेक दशकं ३६चं होतं, २०१०मध्ये ३९चं झालं आणि २०२१मध्ये पुन्हा ३६वर आलं. आपल्याकडे तर हे माप वडिलांच्या कपाटातच सापडेल. बंगळुरूला १९६१मध्ये जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने घड्याळं बनवू लागलेल्या एचएमटीचं जनता साधारण ३५ मिमीचं, हाताने चावी द्यायचं, १७ ज्वेल्सचं आणि पातळ. सरकारने २०१६मध्ये एचएमटीची घड्याळांची कंपनी बंद करायचं ठरवलं, तरी जुना माल आजही फिरतो.

पण हा जुना माल घेताना एक सावधगिरी हवी. जुन्या केसमध्ये नव्याने रंगवलेली डायल घालून ‘नवंकोरं’ म्हणून विकलेल्या घड्याळांना हौशी मंडळी ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. परदेशातले संग्राहकही हेच नाव वापरतात, आपल्या शहराची ही कीर्ती! पारखायला साधं भिंग पुरतं. कारखान्यात छापलेली अक्षरं बारीक, सारख्या जाडीची आणि सरळ ओळीत असतात. पुन्हा रंगवलेल्या डायलवर ती फुगीर होतात, मिनिटांच्या रेषा कडेपर्यंत पोचत नाहीत किंवा एखादी तिरकी जाते. पोपटी, भगवा असा भडक रंग दिसला की आणखी सावध व्हा. त्यातही मशीन चांगलं असू शकतं, पण मग किंमत चालू मशीनची द्यावी, दुर्मीळ डायलची नाही.

उरला पट्टा. तयार चामडी पट्टा बारीक हातावर बहुधा लांबच पडतो आणि त्याचं शेपूट मनगटाला वळसा घालून बाहेर लोंबतं. नेहमीचे पट्टे साधारण ७५ आणि ११५-१२० मिमी असे दोन तुकड्यांत येतात. आखूड मागा, नाहीतर घड्याळवाल्याकडून आतल्या बाजूला एक भोक पाडून घ्या. स्टीलचा पट्टा असेल तर शेवटची कडी कशी वळते ते बघा. ती लगच्या पुढे ताठ राहिली तर घड्याळाची लांबी पाच-सहा मिमीने वाढल्यासारखीच आहे, आणि कड्या कितीही काढल्या तरी त्यात फरक पडत नाही.