लोकर शुद्ध की मिश्र?

हिवाळ्यात मिनेसोटाला येणाऱ्या आई-बाबांचा प्रश्न ठरलेला असतो: "पुण्याचे स्वेटर तिकडे पुरतील का?" जानेवारीत इथला पारा कधीकधी उणे २० अंश सेल्सियसच्याही खाली जातो, तेव्हा नुसत्या स्वेटरने भागत नाही. कपडा कशाचा आहे, हे पाहावे लागते.

लोकरीचा तंतू मुळातच कुरळा. त्या वळ्यांत हवा अडकते आणि ऊब टिकते. आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही लोकर ओली लागत नाही. सुती बनियन मात्र घाम धरून ठेवतो आणि अंग गार पडते. म्हणून अंगालगत मेरिनो किंवा पॉलिएस्टर, त्यावर जाड लोकर किंवा फ्लीस आणि सर्वांत वर वारा अडवणारे जाकीट, असे तीन थर घालावेत.

मग सगळेच शुद्ध लोकरीचे घ्यायचे का? तशी गरज नाही. निव्वळ लोकरीचे मोजे टाचेला लवकर विरतात. थोडे नायलॉन असले की टिकतात. मुलांच्या टोप्या-हातमोजे शाळेत हमखास हरवतात. तिथे अ‍ॅक्रिलिकचे स्वस्त मिश्रण बरे. ते धुवायलाही सोपे. शुद्ध लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाण्यात घुसळले की ते एकमेकांत गुंततात आणि स्वेटर आटतो. 'सुपरवॉश' लोकर मात्र मशीनमध्ये धुता येते.

खरेदी करताना आतले लेबल वाचा. अमेरिकेत १९३९ च्या लोकर-लेबल कायद्यानुसार टक्केवारी द्यावीच लागते. बाहेर 'वूल ब्लेंड' लिहिलेल्या कोटात लोकर २० टक्केच असू शकते. १९६४ पासूनचे वूलमार्कचे मूळ चिन्ह शुद्ध नव्या लोकरीसाठी आहे.

उन्हाळ्यात कपडे धुऊन, पूर्ण वाळवून घट्ट बंद डब्यात ठेवा. घामाचे, अन्नाचे डाग राहिले की कसर आधी तिथेच लागते.

पैसे मोजायचेच असतील तर ते ज्येष्ठांच्या अंगालगतच्या कपड्यांवर मोजावेत, असे मला वाटते. जाड लोकर टोचते, जड कोट खांद्यांना पेलवत नाही. बारीक तंतूची मेरिनो हलकी आणि मऊ असते. थंडीला घाबरून सगळा मुक्काम खिडकीशी बसून काढण्यापेक्षा आजी-आजोबा नातवाला बसथांब्यापर्यंत सोडायला गेले, तर त्या पैशांचे चीज झाले.