हौसेच्या बाजारात भारी कोण : धातू की प्लास्टिक?

हौसेला मोल नाही, असे आपण लग्नकार्यात सहज बोलून जातो. जगात एक बाजार मात्र निव्वळ या म्हणीवर उभा आहे. बोटभर उंचीचे शिपाई, मुठीत मावणाऱ्या मोटारी, यंत्रमानव, आगगाडीची इंजिने अशा छोट्या प्रतिकृती शौकीन मंडळी दाम मोजून घेतात आणि काचेच्या कपाटात मांडून ठेवतात. लहान मुलांच्या हाती हा माल बहुधा लागतच नाही.

या बाजारात एक वाद जुना आहे. प्रतिकृती धातूची चांगली की प्लास्टिकची? शौकीन लोकांसाठी हा आवडीनिवडीचा प्रश्न असेल. ज्याच्याकडे ओतकामाची भट्टी आहे किंवा जो मोल्डिंग मशीन घेण्याच्या विचारात आहे, त्याच्यासाठी मात्र हा भांडवलाचा आणि काही वेळा आरोग्याचाही प्रश्न आहे. आपल्या समाजात पितळेचे, ओतकामाचे, डायमेकिंगचे हुन्नर पिढ्यान् पिढ्या चालत आलेले आहे. म्हणून या वादाचा हिशेब आम्ही आज व्यापाराच्या नजरेने मांडत आहोत.

धातूचा जमाना

छोट्या शिपायांच्या धंद्यात आरंभी जर्मन कारखान्यांचे वर्चस्व होते. त्यांचे शिपाई भरीव शिशाचे असत. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने एक युक्ती काढली. वितळलेला धातू साच्यात ओतायचा, साच्याला लागलेला थर गोठला की आतला पातळ धातू पुन्हा बाहेर ओतून घ्यायचा. शिपाई आतून पोकळ झाला. धातू कमी लागला, वजन घटले, किंमत उतरली आणि ब्रिटनच्या ५४ मिलिमीटर उंचीच्या शिपायांनी जर्मन मालाला मागे टाकले. धातू तोच, कारागीरही तसेच. फक्त ओतण्याची रीत बदलली आणि बाजार पालटला. हुन्नराची खरी कमाई अशी असते.

पण त्या मालात शिसे होते. शिसे हे मंद विष आहे. ते हाडांत साठते आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा सर्वांत वाईट परिणाम होतो. खेळण्यांतील शिशाबद्दल ब्रिटनमध्ये नियम कडक होत गेले आणि १९६६ मध्ये या कंपनीने शिशाचे शिपाई बनवणे थांबवले. तोवर प्लास्टिकचे शिपाई बाजारात आलेच होते. एअरफिक्स कंपनीने १९५९ पासून अगदी छोट्या आकाराचे प्लास्टिकचे शिपाई डबीत भरून स्वस्तात विकायला सुरुवात केली होती.

प्लास्टिकची बाजू

प्लास्टिकला कमी लेखणाऱ्यांनी दोन उदाहरणे पाहावीत.

पहिले आपल्या शेजारचे आहे. अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीचे जी. आय. जो हे सैनिक १९६४ पासून विकले जात होते. १९८२ मध्ये ते पावणेचार इंचांच्या छोट्या आकारात नव्याने आले. पुढे फनस्कूल कंपनीने परवाना घेऊन ते गोव्यातील आपल्या कारखान्यात बनवले. आपल्याकडे ते मुलांचे खेळणे म्हणून विकले गेले. पण या भारतीय मालाचे रंग अमेरिकन मालापेक्षा वेगळे होते. एवढ्या फरकामुळे आज परदेशातील शौकीन लोक गोव्यात बनलेले हे प्लास्टिकचे सैनिक मुद्दाम शोधून घेतात.

दुसरे उदाहरण अमेरिकेचेच. केनर कंपनीने 'स्टार वॉर्स' चित्रपटातील बोबा फेट या पात्राचा क्षेपणास्त्र उडवणारा नमुना तयार केला. मुलाच्या घशात ते अडकण्याच्या भीतीने तो बाजारात आलाच नाही. कारखान्यातले मोजके नमुने तेवढे उरले. २०२४ मध्ये त्यांपैकी एकाला लिलावात ५ लाख डॉलरच्या वर किंमत मिळाली. वस्तू प्लास्टिकचीच. म्हणजे शौकीन गिऱ्हाईक शेवटी दाम देते ते दुर्मिळपणाचे, मालाच्या हालतीचे आणि मूळ खोक्याचे. धातूचे वजन तराजूत टाकून ही किंमत ठरत नाही.

हातात घेतल्यावर

तरीही पहिल्या स्पर्शाला धातू जिंकतो. कथील आणि जस्त पाण्याच्या सातपट जड आहेत, शिसे अकरापट. खेळण्यांत वापरले जाणारे प्लास्टिक जवळजवळ पाण्याइतकेच भरते. हातात वजन आले की गिऱ्हाइकाला पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. धातूची वस्तू थंड लागते, पायावर घट्ट उभी राहते.

पण तीच वस्तू पडली तर वजनामुळेच तिचा रंग उडतो. बारीक तलवार किंवा बंदुकीची नळी वाकते आणि दोन-तीनदा सरळ केली की तुटते. मऊ प्लास्टिक वाकून पुन्हा पूर्ववत होते. मात्र त्यावर रंग धरत नाही, पोपडे निघतात. पॉलिस्टायरीनसारख्या कडक प्लास्टिकवर रंग छान बसतो आणि जोडही पक्का लागतो. धातूवर आधी अस्तराचा रंग द्यावाच लागतो.

बारीक कामात तर प्लास्टिकने अलीकडे धातूला मागे टाकले आहे. मोटारींच्या प्रतिकृती बनवणाऱ्या ऑटोआर्ट या नामांकित कंपनीने २०१० च्या दशकात आपल्या अनेक मोटारींचे धातूचे सांगाडे सोडून प्लास्टिकसारख्या मिश्रणाचे सांगाडे घेतले. कंगोरे अधिक धारदार येतात, दरवाजांच्या फटी बारीक राहतात, असे कारण होते. अनेक शौकीन नाराज झाले. मोटार डोळ्यांना सुबक दिसत होती, पण हाताला हलकी लागत होती.

दोघांनाही रोग लागतो

धातू कायम टिकतो हा समज पुरता खरा नाही. शिशाच्या जुन्या शिपायांवर पांढरी भुकटी येते. लाकडी कपाटातून, विशेषतः ओकच्या लाकडातून निघणारी आम्लाची वाफ शिशाला खाते.

जस्ताचा रोग याहून वाईट. जस्ताच्या मिश्रधातूत थोडे जरी शिसे मिसळले गेले, तरी काही वर्षांनी वस्तू फुगते, तडकते आणि भुगा होऊन जाते. १९३० च्या दशकातील कितीतरी डिंकी मोटारी अशाच नष्ट झाल्या. उष्ण आणि दमट हवेत हा रोग लवकर वाढतो. मुंबई आणि कोकणची हवा तशीच आहे. म्हणून चांगल्या मिश्रधातूसाठी ९९.९९ टक्के शुद्ध जस्त घेतात. ज्या मुशीत कधी शिसे किंवा डाग देण्याचा धातू वितळवला, तीत जस्त वितळवू नये. भंगार मिसळून दोन पैसे वाचतील, पण दहा वर्षांनी गिऱ्हाइकाच्या कपाटात आपले नाव भुग्यात जाईल.

प्लास्टिकही म्हातारे होते. जुने पॉलिथिन कडक होऊन तुटते, पांढरे एबीएस उन्हाने पिवळे पडते, मऊ पीव्हीसीमधले तेलकट द्रव्य बाहेर येऊन वस्तू चिकट होते. जी. आय. जोचे सैनिक आतल्या रबरी कडीवर जोडलेले असत. ती कडी वाळून तुटली की सैनिकाचे दोन तुकडे होतात. सुदैवाने कडी बदलता येते.

खरा निर्णय साच्यात

आता पैशाचे पाहू. प्लास्टिकच्या वस्तूला पोलादी किंवा अॅल्युमिनियमची डाय लागते. ती महाग. पण एकदा बनली की दाणा टाकत जा, नग पडत जातात. कथलाच्या मिश्रधातूला रबरी साचा चालतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून भट्टीही छोटी पुरते. रबरी साचा गोल फिरवून ओतकाम होते आणि रबर लवचीक असल्याने वेडेवाकडे, आत वळलेले आकारही सुटून येतात. पोलादी डाय वाकत नाही. तसा आकार हवा असेल तर वस्तू तुकड्यांत बनवून जोडावी लागते.

समजण्यासाठी काही आकडे धरून चालू. डायचा खर्च ३,००,००० रुपये आणि प्लास्टिकचा नग १० रुपये. रबरी साच्याचा खर्च ६,००० रुपये आणि धातूचा नग ८० रुपये. घासलेला साचा बदलण्याचा खर्च त्यातच धरला. आता १,००० नग काढले तर धातूचा नग ८६ रुपयांना पडतो आणि प्लास्टिकचा ३१० रुपयांना! २०,००० नग काढले तर धातूचा नग ८० रुपयांच्या आसपासच राहतो, पण प्लास्टिकचा २५ रुपयांवर येतो. या हिशेबात दोघांची बरोबरी ४,२०० नगांवर होते. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालून ही मांडणी स्वतः करावी. आकडे बदलतील, मुद्दा बदलणार नाही: थोडा माल असेल तर धातू, ढिगाने माल असेल तर प्लास्टिक.

इथेच छोटा कारागीर फसतो. बाजारात प्लास्टिकचा स्वस्त माल पाहून तो दागिने मोडून किंवा कर्ज उचलून डाय बनवतो. २०,००० नग काढणे मशीनला जड नाही, ते विकणार कुठे? न खपलेली डाय म्हणजे दुकानात पडून राहिलेले पोलाद. रबरी साचा फसला तर सहा हजारांत सुटका होते.

पितळेच्या कारागिरांनी एक ध्यानात ठेवावे. पितळ वितळवायला ९०० अंशांच्या पुढे जावे लागते. तिथे रबरी साचा चालत नाही, आणि वाळूच्या साच्यातून चेहऱ्याच्या रेषा किंवा चाकाचे आरे तितके साफ उमटत नाहीत. पितळेची छोटी वस्तू मेणाच्या साच्याने ओतावी लागते किंवा हाताने घडाई करावी लागते. त्याचे दाम वेगळे आणि गिऱ्हाईकही वेगळे.

दोघांची भागीदारी

हुशार कारखानदारांनी हा वाद केव्हाच मिटवला आहे. जपानच्या पॉपी कंपनीने १९७४ मध्ये 'चोगोकिन' नावाचे यंत्रमानव काढले. वजनासाठी जस्ताचा मिश्रधातू आणि बाकी काही भाग प्लास्टिकचे, अशी ती बनावट होती. १९९७ पासून बांदाई कंपनी मोठ्या वयाच्या शौकीन लोकांसाठी त्याच परंपरेतील महागडा माल काढत आली आहे. ब्रिटन कंपनीनेही १९७० च्या दशकाच्या आरंभी प्लास्टिकचा शिपाई धातूच्या बैठकीवर उभा केला. शिपाई स्वस्त राहिला आणि पडायचा थांबला. आपल्याकडेही ओतकामवाला आणि मोल्डिंगवाला एकाच गल्लीत असतात. एकाने बैठक किंवा चाके द्यावीत, दुसऱ्याने वरचा भाग द्यावा. यात दोघांचा फायदा आहे.

कायदा, सेहत आणि आणखी एक मसला

चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यासाठी असलेल्या मालाला १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांच्या मालाला त्यातून सूट देण्यात आली. म्हणून नोंदणीचे ओळखपत्र काढून घेणे कारागिराच्या हिताचे आहे. आयात खेळण्यांवरील सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. त्यामुळे देशी कारखानदाराला संधी मिळाली. आपला माल खेळणे आहे की मोठ्यांच्या संग्रहाची वस्तू, हे माल बनवण्याआधी ठरवावे आणि खोक्यावर स्पष्ट लिहावे.

शिशाबद्दल आमचे म्हणणे कडक आहे. जुन्या बॅटरीचे शिसे स्वस्त मिळते म्हणून ते घरच्या भट्टीत वितळवू नका. भट्टीजवळ मुले खेळतात, त्याच कपड्यांनी आपण जेवायला बसतो आणि विष घरात शिरते. वाचलेले पैसे शेवटी दवाखान्यात जातात. कथलाचा शिसेविरहित मिश्रधातू महाग पडला तरी तोच वापरावा आणि भट्टीवर हवा खेळती ठेवावी.

माणसांचे आणि प्राण्यांचे पुतळे घडवण्याबाबत आपल्यापैकी अनेकांच्या मनात संकोच असतो. त्यावर निर्णय देणे हे या पानाचे काम नाही. ज्याने त्याने आपल्या माहितगार आलिमांना विचारावे. पण या बाजारात मोटारी, जहाजे, इंजिने, तोफा, घड्याळे आणि जुन्या इमारतींच्या प्रतिकृतींनाही भरपूर मागणी आहे. साच्याचा हिशेब तिथेही हाच लागू पडतो. ज्याला पुतळे नकोत, त्याचा रस्ता बंद होत नाही.

आमचा सल्ला

ज्याचे भांडवल थोडे, हात कसलेला आणि गिऱ्हाईक मोजके, त्याने धातू धरावा. शेकड्यात माल काढावा, प्रत्येक नगाची सफाई मन लावून करावी आणि दाम हुन्नराचे घ्यावे. ज्याच्याकडे पक्की मागणी आणि मालाला वाट आहे, त्याने प्लास्टिककडे जावे. मात्र दाणा कोरा वापरावा, भंगाराचा नव्हे. आणि धातू कोणता, प्लास्टिक कोणते, हे गिऱ्हाइकाला खरे सांगावे. कथलाला चांदी म्हणून विकणारा एकदाच विकतो. मालातला ऐब सांगून विकणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते, आणि बरकत त्याच गल्ल्यात असते.