खोली बांधण्याआधी नाडी तपासा

हिंजवडी, माण, मारुंजी या मुळशी तालुक्यातील गावांत नव्या इमारती सतत उभ्या राहत आहेत. न बांधलेले घर कसे दिसेल, हे आता आभासी वास्तवाचा हेडसेट डोळ्यांवर चढवून पाहता येते. ‘छान वाटतंय’ असे आपण म्हणतो. पण त्या वेळी शरीर काय म्हणत असते? वैद्यकशास्त्राला या तंत्रात रस आहे तो यासाठी.

खोलीचा परिणाम आजारपणावर होतो, हे रॉजर उलरिच यांनी 1984 मध्ये दाखवून दिले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या 23 जोड्या त्यांनी अभ्यासल्या. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले. विटांची भिंत दिसणाऱ्यांना 8.70 दिवस लागले. झाडे दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली.

मात्र खऱ्या वॉर्डात प्रकाश, आवाज, शेजारचा रुग्ण असे सारे एकत्र असते. आभासी खोलीत बाकी सर्व तसेच ठेवून फक्त खिडकी किंवा छताची उंची बदलता येते. मग नाडी, त्वचेवरचा घाम आणि लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक मोजतात. डेन्मार्कमधील संशोधकांनी 2014 मध्ये असाच प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी व्यक्तींना आभासी परीक्षकांसमोर भाषण आणि तोंडी हिशेब करायला लावले. बंदिस्त खोलीतल्यांचे कॉर्टिसॉल मोठ्या खिडक्यांच्या खोलीतल्यांपेक्षा जास्त वाढले आणि परीक्षा संपल्यावरही चढे राहिले.

या तंत्राला मर्यादा आहेत. हेडसेटमध्ये उकाडा, डासांचा त्रास किंवा फिनेलचा वास नसतो. काहींना चक्कर येते, मळमळते. निरोगी माणसाची काही मिनिटे आणि रुग्णाचे आठ दिवस सारखे नसतात. त्यामुळे परिचारिका, रुग्ण आणि नातेवाईक यांना विचारणे टळत नाही.

तरीही नवे रुग्णालय बांधताना आराखडा आधी असा तपासून घेणे शहाणपणाचे. भिंत उभी राहिल्यावर खिडकी पाडणे महाग पडते. घरी मात्र हेडसेटची गरज नाही. आजारी आजीची खाट अशी फिरवा, की पडल्या पडल्या तिला आभाळ किंवा एखादे झाड दिसेल. औषधे अर्थातच वेळेवर द्यायची.